इन्फ्युजन मला सूट होतं का

२ मार्च, सोमवार. सायं. ६.२०, बीड-पाटोदा एस.टी.त

आज जॉईन झालो. एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहून ठेवतो, पुढे करिअरकडे मागे वळून बघताना उपयोगी पडेल. मी नोकरीला लागलेलो नाही. मी इन्फ्युजन नर्सिंग ह्या फील्डला तीन महिने ट्रायल देतोय. सेंटरच्या कागदावर ‘तीन महिने प्रोबेशन’ लिहिलंय, पण ती त्यांची भाषा झाली. ३० मेला निर्णय. माझा.

सेंटर झकास आहे. बीडमध्ये असलं काही असेल असं वाटलं नव्हतं. आठ रिक्लायनर खुर्च्या, एसी, टीव्ही. पेशंट सकाळी येतो, खुर्चीत बसतो, शिरेतून औषध घेतो आणि दिवस मावळायच्या आत घरी जातो. ॲडमिट करायचं नाही, नाइट ड्यूटी नाही, बेडपॅन नाही. जास्त करून बायका येतात, रक्त कमी असलेल्या, लोहाची सलाईन घ्यायला. गुरुवारी केमोचे दोन-तीन पेशंट असतात, ते इन्चार्ज ज्योत्स्ना सिस्टर स्वतः बघतात.

माझ्यासोबत स्वप्नाली म्हणून एक मुलगी जॉईन झाली, केजची. फार बोलत नाही. टिकेलसं वाटत नाही.

३ मार्च

गावात फ्लेक्स लागला. ‘चि. गहिनीनाथ यांची बीड येथे नर्सिंग ऑफिसरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मधे माझा फोटो, खाली शुभेच्छुक एकवीस. काम अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. मी म्हटलं, अण्णा, मी ऑफिसर नाही, स्टाफ आहे, तेही ट्रायलवर. अण्णा म्हणाले, फ्लेक्सवर ट्रायल लिहीत नसतात.

एस.टी. स्टॉपलाच लावलाय. म्हणजे रोज दोन वेळा मला माझ्याच फोटोखाली उभं राहावं लागणार. मोटिव्हेशन म्हणून वाईट नाही.

६ मार्च

आठवड्याचा आढावा. आयव्ही, म्हणजे शिरेत सुई, लावायचे प्रयत्न अकरा. यश शून्य. स्वप्नाली अकरापैकी अकरा.

कारणं शोधली पाहिजेत. एक, तीन नंबर खुर्चीवरची ट्यूब लुकलुकते. दोन, मला नेमके जाड हाताचे पेशंट येतात. तीन, स्वप्नालीचं नशीब. नशीब हे स्किल नव्हे, ते संपतं.

सेंटरचा नियम असा की दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर पेशंटचा हात दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. नियम चांगला आहे. त्यामुळे मला प्रत्येक पेशंटमागे दोनदा शिकायला मिळतं.

९ मार्च

ज्योत्स्ना सिस्टरनी विचारलं, कॉलेजात किती आयव्ही लावल्या होत्यास. केस बुकात ऐंशी आहेत, असं सांगितलं. हे खरं आहे. केस बुकात ऐंशीच आहेत.

खऱ्या दोन. कॉलेजात आम्ही चौसष्ट जण आणि रबरी हात एक. त्या हाताला आधीच इतकी भोकं पडलेली की कुठेही टोचलं तरी बरोबर लागायचं. ह्यात माझी चूक काय? सिस्टर बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

१९ मार्च, गुढीपाडवा

नवं वर्ष, नवा संकल्प: रोज पाच व्हेन, पहिल्याच टोचण्यात. त्यासाठी घरी प्रॅक्टिस. सीताफळाच्या बागेत अण्णांनी ठिबक केलंय, त्याच्या बारीक नळ्या बरोबर हाताच्या शिरेएवढ्या आहेत. आतून पाणी वाहतं, म्हणजे सुई आत गेली की लगेच कळतं. मुंबई-पुण्याच्या पोरांना ही सोय नाही. एक्स्पायर झालेल्या कॅन्युला, म्हणजे आयव्हीच्या सुया, सिस्टरना विचारून आणल्या. संध्याकाळी तीस वेळा टोचलं. तीसपैकी एकोणतीस बरोबर.

म्हणजे हातात कला आहे. प्रॉब्लेम पेशंटमध्ये आहे.

२५ मार्च

अण्णांच्या बागेत खारींनी उच्छाद मांडलाय म्हणे. ठिबकच्या नळ्यांना जिथे तिथे भोकं, झाडाला पाणी कमी आणि वाफ्याबाहेर चिखल. अण्णांनी खारींसाठी झाडाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. तहानेनं चावत असतील, बिचाऱ्यांना दुसरीकडे पाणी द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

प्रॅक्टिस थांबवली. तशीही ती आता पुरेशी झाली होती.

३१ मार्च

पहिली आयव्ही लागली! पेशंट एक पैलवान. दंडावर शीर अशी की अंधारातही लागली असती. तरीही लागली हे महत्त्वाचं. घरी पेढे नेले.

अण्णांनी पेढे वाटता वाटता गल्लीत सांगितलं की आमचा पोरगा आता शिरेत एक्स्पर्ट आहे. तिथूनच सगळं सुरू झालं.

४ एप्रिल

सरपंच सुग्रीव ह्यांच्या आई चतुराबाई. वय सत्तर, तब्येत दणकट. त्यांना ‘पिवळी बाटली’ पाहिजे. आमच्याकडे अशक्तपणा वाटला की माणूस सलाईन मागतो, आणि त्यात व्हिटॅमिन घालून ती पिवळी झाली की तिची पॉवर डबल मानतात. शिवाय बाटली घरी, पडवीतल्या खाटेवर लावून घेतली तर मान वेगळा. भेटायला माणसं येतात, चहा होतो. अण्णांनी शब्द देऊन टाकलाय. उद्या रविवार, उद्याच.

ज्योत्स्ना सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय सेंटरबाहेर कुणाला सुईसुद्धा दाखवायची नाही. अण्णांना हे सांगितलं. अण्णा म्हणाले, मग सरपंचाला तू जाऊन सांग.

सरपंचाला सांगण्यापेक्षा सलाईन लावणं सोपं, असं ठरवलं. निर्णयक्षमता हा माझा प्लस पॉइंट आहे.

५ एप्रिल, रविवार. दुपारी ४

पडवीत चौदा माणसं. मोजली, कारण लक्ष दुसरीकडे न्यायचं होतं. बाटली खुंटीला टांगली. पहिल्यांदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. इथे नियमानं थांबायला हवं होतं, पण नियमात हात दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा असतो आणि पडवीत दुसरा कुणी नव्हता. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा आत गेल्यासारखं वाटलं. शीर लागली की सुईत रक्त मागे येतं, ते आलं नाही, पण बीपी कमी असलं की कधी कधी येत नाही. (बीपी घेतलं नव्हतं.) पट्टी लावून थेंब चालू केले. थेंब पडत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

मग चतुराबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आरं लेकरा, सुई टोचताना डोळं झाकून कावून घेतूस?”

मी डोळे झाकत नाही. मी एकाग्र होतो.

वीस मिनिटांत त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत टम्म फुगला. बाटली शिरेत नाही, कातडीखाली चालली होती. बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. सुग्रीव ह्यांनी गाडी काढली, पाटोद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, नुसतं पाणी आहे, सकाळपर्यंत उतरेल. मग विचारलं, लावली कुणी होती? अण्णा म्हणाले, बाहेरगावचा एक पोरगा होता, गेला निघून.

मी अण्णांच्या शेजारीच उभा होतो.

६ एप्रिल

हात उतरला. चतुराबाई ठीक आहेत, उलट दोन भाकरी जास्त खाल्ल्या म्हणे. एस.टी. स्टॉपवरचा फ्लेक्स वाऱ्यानं पडला असं आई म्हणाली. काल वारा नव्हता.

अण्णा कालपासून माझ्याशी फक्त जेवायचं बोलतात.

१५ एप्रिल

आज सिस्टरनी आत बोलावलं. वाटलं, गावातली गोष्ट पोचली. तसं नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आजपासून मी टोचायचं नाही. बीपी घ्यायचं, थेंब बघायचे, पेशंटला थंडी, खाज, धाप असलं काही होतंय का त्याच्यावर नजर ठेवायची. सुई स्वप्नालीकडे.

विचार केल्यावर लक्षात आलं की हे सुपरव्हिजन आहे. टोचणं हे हाताचं काम, नजर ठेवणं हे डोक्याचं. सहा आठवड्यांत एवढी मजल. घरी सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

(स्वप्नालीला मी काल विचारलं होतं की तुला कसं सापडतं. ती म्हणाली, बोटाला कळतं. ह्याला काय उत्तर म्हणायचं?)

२४ एप्रिल

आज तीन नंबरवरच्या एका आजीला सलाईन सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदर घट्ट ओढून घेतला. एसी तर बंद होता. मी लगेच थेंब बंद केले, सिस्टरना हाक मारली. रिॲक्शनच होती. वेळेत इंजेक्शन दिलं, आजी सावरल्या.

सिस्टर म्हणाल्या, बरं केलंस.

बरं केलंस! ह्या बाईंकडून हे दोन शब्द म्हणजे दुसऱ्या कुणाकडून गोल्ड मेडल. दुपारभर मी इन्फ्युजनचे फायदे कागदावर काढत होतो. तेच पेशंट परत परत भेटतात. ओळख होते. घाई नाही. एका वेळी एका माणसाकडे बघता येतं. तोट्यांच्या बाजूला फक्त ‘टोचणे’ एवढंच राहिलं.

२६ एप्रिल, रविवार

चुलतभाऊ प्रवीणचा मंडप आणि लाइटिंगचा धंदा आहे. लग्नसराई आहे, माणूस कमी पडतोय, एक दिवस ये म्हणाला. गेलो. तात्पुरतं. दोनशे खुर्च्या उतरवल्या, झालरी बांधल्या. प्रवीण म्हणाला, तुझी जागा आपल्याकडे कायम आहे, ते सुया-बिया जमलं नाही तर लाजू नको.

जमलं नाही तर, असं तो म्हणाला. त्याला कुणी सांगितलं? मी हसलो, पण घरी येताना दोन किलोमीटर चालत आलो. तीन वर्षं कॉलेज केलं. आमच्या भावकीत पांढरा कोट घातलेला मी पहिला. ३० मेनंतर मी मंडपाच्या खुर्च्या उतरवत असेन, तर अण्णांनी कुणाला तोंड दाखवायचं? आणि मी?

संकल्प: पुन्हा टोचायची परवानगी मिळवायची. मे महिन्यात रोज एक तरी.

२ मे, शनिवार

नवीन पेशंट. भामाबाई, चकलांब्याच्या. ऊसतोडीला गेल्या होत्या कारखान्यावर, मागच्या आठवड्यात टोळी परतली. हिमोग्लोबिन सहा. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं की ह्या चालत कशा आल्या. त्या म्हणाल्या, चालत कुठं, एस.टी.नं आले. पाच डोस, गाव लांब म्हणून दर शनिवारी एक. दसऱ्याला टोळी परत निघेल, तोवर रक्त भरलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

शीर मिळायला अवघड. हात म्हणजे नुसती लाकडं. स्वप्नालीलासुद्धा दोनदा टोचावं लागलं. मला बरं वाटलं, हे लिहायला नको होतं पण लिहिलं.

९ मे, शनिवार

स्वप्नाली रजेवर, बहिणीचं लग्न. ज्योत्स्ना सिस्टर आत डॉक्टरांसोबत, एका पेशंटची तब्येत बिघडली होती. बाहेर सहा बायका ताटकळलेल्या, त्यात भामाबाई. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती. संधी अशीच येते, असं मला वाटलं. मी ट्रे घेतला.

पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. मी तिसऱ्यांदा टोचलं. रक्त किंचित मागे आल्यासारखं वाटलं. लोहाचं औषध कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. थेंब चालू केले. भामाबाई म्हणाल्या, “जळजळ व्हायलीय जरा.” मी म्हटलं, होतं थोडं.

मग मी बाटलीवर नाव, वेळ, तारीख लिहीत बसलो. छान अक्षरात. भामाबाई पुन्हा काही बोलल्या नाहीत. ऊस तोडणारी बाई दुखतंय हे दुसऱ्यांदा सांगत नाही, हे मला कळायला हवं होतं. नजर ठेवणं हेच तर माझं काम होतं.

दहा मिनिटांनी सिस्टर बाहेर आल्या आणि लांबूनच बघून धावल्या. औषध शिरेबाहेर गेलं होतं. हातावर तळव्याएवढा तपकिरी डाग. लोहाचा डाग कातडीत बसतो, धुऊन जात नाही. महिनोन्महिने राहतो. काहींचा कायमचा.

सिस्टर मला रागावल्या नाहीत. त्यांनी खाली बसून भामाबाईंची माफी मागितली. माफी त्यांनी मागितली. मी कापूस हातात धरून उभा होतो.

१० मे, रविवार

कॅन्युलाची बॅच खराब होती.

नव्हती.

१६ मे, शनिवार

भामाबाई येणार म्हणून सकाळपासून स्टोअर रूममध्ये सिरिंज मोजत बसलो. तीन वेळा मोजल्या. मग सिस्टरनीच हाक मारली, त्या बाई तुला विचारतायत.

गेलो. वाटलं, ओरडतील. सोबत माणूस आणला असेल, बोलाचाली होईल. एकट्याच होत्या. स्वप्नालीनं दुसऱ्या हाताला लावलं होतं. डाग असलेला हात त्यांनी माझ्यापुढे केला. त्याच हातावर गोंदण आहे, हिरवं, जुनं. त्यावर बोट ठेवत म्हणाल्या, “ही फुली मायनं गोंदून घेतली. ही तुळस सासूनं. आन् ह्ये तुजं.”

मी बाटलीचे थेंब मोजायला लागलो.

“रडायलास कावून? म्या रडले का?”

मी सांगितलं की डोळ्यात एसीची हवा गेली.

१८ मे, सोमवार

मोठी बातमी. मला ज्युनियर दिली!

सायली नाव आहे तिचं. अंबाजोगाईला दोन वर्षं वॉर्डमध्ये काम केलंय. सिस्टर मला म्हणाल्या, हिला सगळं दाखव, काही मागे ठेवू नको. रजिस्टर, फ्रीजचं तापमान, स्टॉक, इमर्जन्सी ट्रे. ह्याचा अर्थ उघड आहे. प्रोबेशन संपायच्या आधीच हाताखाली माणूस देणं म्हणजे मॅनेजमेंटचा इशारा. झालेल्या प्रकाराचा कुणी उल्लेखही केला नाही. मोठ्या संस्थांचं असंच असतं, एका चुकीवरून माणूस जोखत नाहीत.

घरी सांगितलं. अण्णा आज बऱ्याच दिवसांनी जेवणाव्यतिरिक्त बोलले. विचारलं, हाताखाली म्हंजे किती माणसं? मी म्हटलं, सध्या एक.

२१ मे

सायली हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते. कुठल्या पेशंटची कुठली शीर बरी, कोण घाबरतं, कोण उपाशी येतं. मी सगळं सांगितलं. सांगताना लक्षात आलं, मला बरंच माहीत आहे. तीन नंबरवरच्या आजी त्रास झाला तर पदर ओढतात. चकलांब्याच्या भामाबाई एकदाच सांगतात, ती एकच वेळ ऐकायची. ती वहीत लिहून घेत होती.

शिवाय एक जनरल टिप दिली की टोचताना डोळे उघडे ठेवायचे. ती हसली. म्हणाली, झाकून कोण टोचतं?

२३ मे, शनिवार

भामाबाईंचा चौथा डोस. सायलीनं एकदाच टोचलं, लागलं. मी शेजारी उभा राहून गाइड केलं. म्हणजे मनात.

सिस्टर म्हणाल्या, तुझ्या लॉकरची चावी सायलीला देऊन टाक. इन्चार्ज लेव्हलला वेगळं कपाट मिळत असावं. डबा आणि चप्पल पिशवीत ठेवले.

२८ मे

निर्णयाचा अहवाल लिहून झाला. साडेतीन पानं. ‘नवीन परिचारकाच्या दृष्टीने बाह्यरुग्ण इन्फ्युजन सेवा: एक मूल्यमापन.’ दोन्ही बाजू मांडल्यात. एका बाजूला ठरलेली वेळ, पेशंटशी नातं, नाइट ड्यूटी नसणं. (‘नाइट ड्यूटी ह्या जन्मात करणार नाही’ असं मूळ मसुद्यात होतं, ते ‘व्यक्तिशः अनुकूल नाही’ असं सौम्य केलं.) दुसऱ्या बाजूला टोचण्याचं कौशल्य अजून विकसनशील असणं. शेवटचं वाक्य: ‘सर्व बाबींचा साकल्याने विचार करून मी हे फील्ड स्वीकारत आहे.’

शनिवारी देणार. शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

३० मे, शनिवार. दुपारी ३, सेंटरबाहेरच्या कट्ट्यावर

अहवाल दिला. सिस्टरनी उभ्या उभ्या साडेतीनही पानं वाचली. एकही ओळ गाळली नाही. मग घडी घालून मला परत दिला.

“छान लिहिलंयस गहिनीनाथ. पण हे तुला विचारलं कुणी होतं?”

मग बसायला सांगितलं आणि समजावलं. प्रोबेशननंतर मला ठेवायचं नाही हे बारा तारखेलाच ठरलं होतं. सायली माझ्या जागेवर आली आहे, माझ्या हाताखाली नाही. सोमवारपासून इथे माझं नाव नाही. मला वाटलं खुर्ची हलतेय, ती रिक्लायनर होती.

त्या म्हणाल्या, हे काम वाईट नाही, तू पण वाईट नाहीस, पण हे पहिलं काम नव्हे. इथे माणूस तासभर बसतो, एक हात देतो आणि एक संधी देतो. शिकायला वॉर्ड लागतो, तिथे तोच माणूस आठ दिवस समोर असतो. त्याच्या शिराही कळतात आणि आपली भीतीही. आपल्याच ट्रस्टच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर जनरल वॉर्डला माणूस पाहिजे. त्यांनी बोलून ठेवलंय. सोमवारपासून, नाइट. नको असेल तर मी मोकळा.

आपण कुणाच्या जागेवर आलोय हे सायलीलाही माहीत नव्हतं. ती समोर यायची टाळत होती. मीच जाऊन सांगितलं की फ्रीजचं रजिस्टर दुपारचं राहिलंय.

भामाबाईंचा आज शेवटचा डोस. हिमोग्लोबिन नऊच्या वर गेलंय. सुई काढल्यावर त्यांच्या हातावर कापूस दाबून धरायला कुणीतरी पाहिजे होतं, मी धरला. त्यांनी विचारलं, तोंड कावून पाडलंस. मी सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, तीन महिने मी बघत होतो हे काम मला जमतं का, आणि नाही जमत.

त्या म्हणाल्या, “पयल्या सालाला कोयता म्या माज्याच पायावर हाणून घेतला हुता. हाडापोतर. पर मला कुणी इचारलं न्हाई रं बाबा, तुला जमतंय का म्हून.”

मी विचारलं, आणि जमलं नसतं तर?

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला.

“तर काय? ऊस तोडलाच असता की.”

कापूस काढला. रक्त थांबलं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि गाडीसाठी निघाल्या, मी दारापर्यंत गेलो. मला बोलायचं बरंच होतं, पण त्या चौकापर्यंत पोचल्यासुद्धा.

३१ मे, रविवार

प्रवीणला फोन करून ‘येत नाही’ म्हणून सांगितलं. अण्णांना खरं सांगितलं, सगळं, सायलीचंही, नळ्यांचंही. अण्णांनी ऐकून घेतलं. बराच वेळ बागेत फिरत होते. येताना खारींच्या वाट्या धुऊन आणल्या आणि आईला म्हणाले, उद्यापासून ह्याचा डबा संध्याकाळी.

१ जून, सोमवार. रात्री ८.१०, जनरल वॉर्ड

बत्तीस बेड. वास. एक म्हातारा मला आल्यापासून ‘डॉक्टर’ म्हणून हाका मारतोय. सात जणांना आयव्ही लावायची आहे. नाइटचे दुसरे ब्रदर म्हणाले, आधी जॉयनिंगचा फॉर्म भर, मग ये.

फॉर्ममध्ये ‘पूर्वानुभव’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘इन्फ्युजन, तीन महिने’. मग ते खोडलं आणि ‘नाही’ लिहिलं.

खाडाखोड फार वाईट दिसत होती. ऑफिसच्या खिडकीत जाऊन विचारलं, नवीन फॉर्म मिळेल का. ते म्हणाले, एकच असतो.